सात हाली, सहा कलदार

सात हाली म्हणजे सहा कलदार. हा हिशेब माझ्या वडिलांना, अण्णांना, झोपेतून उठवून विचारला तरी बरोबर येई. हाली सिक्का निजामाच्या राज्यातला, कलदार इंग्रजी मुलखातला. अण्णा लोह्याचे. तेव्हा लोहा कंधार तालुक्यातलं एक बाजाराचं गाव होतं. ते नांदेडच्या तुरुंगात जवान म्हणून लागले. त्यांचा एक चुलतभाऊ मामाकडे वाढला आणि तिकडेच सोलापूरच्या तुरुंगात शिपाई झाला. सोलापूर इंग्रजांचं, मुंबई इलाख्यातलं. दोघांचं काम एकच: चाव्या सांभाळायच्या, सकाळ-संध्याकाळ गिनती घ्यायची, रात्री भिंतीकडेने गस्त घालायची. समजा, दोघांच्याही हातावर महिन्याला चौदा रुपये पडले. अण्णांचे चौदा सोलापुरात गेल्यावर बाराच व्हायचे, आणि सराफाने बट्टा कापला की बाराही पुरते उरत नसत.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नव्हती. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरे. घोड्यांच्या बाजारापलीकडे आमची भावकी राहुट्या टाकून उतरायची, आणि तिथे दरवर्षी हा वाद रंगायचा. सोलापूरचे काका म्हणत, माझा रुपया भारी. अण्णा म्हणत, रुपया भारी असेल, पण तुला ज्वारी विकत घ्यावी लागते, माझी शेतातून येते. काका म्हणत, कापड बघा की, गिरणी आमच्या दारात. अण्णांना ते मान्य करावं लागे, कारण इंग्रजी मुलखातून येणारा माल निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरूनच यायचा. रॉकेल, काडेपेटी, धोतरजोडी अशा सगळ्या वस्तूंवर तो भार पडे. तनखा कुणाचा मोठा, हे त्या राहुटीत कधीच ठरलं नाही. मी ते लहानपणी ऐकलं, आणि पुढे कारागृह खात्यात लिपिक झाल्यावर सगळी नोकरी पगारबिलं करण्यात गेली तेव्हा रोज कागदावर पाहिलं. तीच गोष्ट इथे मांडतो आहे.

अण्णांच्या तनख्याचा हिशेब फसली सालाने चाले. आजूर, दै, बहमन ही त्यांच्या कचेरीतल्या महिन्यांची नावं. घरी आई चैत्र-वैशाख मोजायची. इंग्रजी सालातून ५९० वजा केले की फसली साल येतं, म्हणजे १९४०-४१ हे १३५० फसली. तिकडच्या दप्तरात सगळं उर्दू. अण्णांना उर्दू लिहिता येत होतं म्हणून दारोगा त्यांच्याकडून हजेरीपट लिहून घेई. मोबदला वेगळा नव्हता, पण त्या कामाच्या दिवशी रात्रपाळी माफ व्हायची, आणि अण्णा ती सवलत पगारातच धरायचे.

तुरुंगातला माणूस स्वस्तात मिळावा ही सरकारची इच्छा फार जुनी. इंग्रजी हद्दीत पहारा देण्याचं पुष्कळसं काम खुद्द कैद्यांकडून करून घेतलं जाई. चांगल्या वागणुकीचा कैदी आधी पहारेकरी, मग मुकादम, मग वॉर्डर होई. पगारी माणूस महाग आणि कैदी जवळजवळ फुकट, असा तो रोखठोक हिशेब. १९१९-२० ला सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय तुरुंग समिती नेमली गेली. तिने ही पद्धत कमी करत न्यावी आणि पगारी पहारेकऱ्याला पोटापुरतं तरी नीट द्यावं, असं स्पष्ट लिहिलं. कैद्याला सुधारायचं असेल तर आधी पहारेकरी लाचेपासून लांब राहिला पाहिजे आणि त्यासाठी त्याचा पगार पुरला पाहिजे, हा त्यामागचा विचार मला आजही पूर्ण पटतो. साठ वर्षांनी न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला समितीने (१९८०-८३) पुन्हा जवळपास तेच सांगितलं आणि कारागृहाच्या माणसाला पोलिसाच्या बरोबरीने वेतन द्या अशी शिफारस केली.

पगार पुरतो की नाही, हे मोजायचं कसं? मुंबईत १९२१ साली लेबर ऑफिस निघालं आणि गिरणी कामगाराच्या राहणीखर्चाचा निर्देशांक दर महिन्याला छापून येऊ लागला. आमच्या मराठवाड्यातही असा आकडा होता, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. नांदेडला उस्मानशाही मिल होती, हजारो कामगार होते, त्यामुळे नांदेड आणि औरंगाबाद या दोन गावांचे निर्देशांक निघत. त्यांचा पाया होता ऑगस्ट १९४३ ते जुलै १९४४, त्या वर्षाचे भाव म्हणजे १००. मुंबईच्या निर्देशांकाचा पाया १९३३-३४ चा, मंदीतला, धान्य मातीमोल असतानाचा. नांदेडचा पाया दुसऱ्या महायुद्धातला, निजाम सरकार शेतकऱ्याकडून सक्तीची लेव्ही वसूल करत होतं आणि बाजारात ज्वारी डोळ्यांनी दिसत नव्हती त्या वर्षाचा. साहजिकच पुढची कित्येक वर्षं मुंबईचा आकडा उंच दिसे आणि नांदेडचा ठेंगणा. वरवर पाहणाऱ्याला वाटे की नांदेड स्वस्त आहे. प्रत्यक्षात नांदेडची महागाई त्या शंभराच्या पोटात आधीच शिरलेली होती.

पगाराचं काम करणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. निर्देशांक एका गावाची तुलना त्याच गावाच्या कालच्या दिवसाशी करतो. नांदेड मुंबईपेक्षा किती स्वस्त, हे तो सांगत नाही. महागाई भत्ता अशाच निर्देशांकांच्या देशभरच्या सरासरीवर ठरतो, म्हणून तो मुंबईत आणि लोह्यात एकाच टक्क्याने मिळतो. गावागावांतला फरक भरून काढण्यासाठी सरकारकडे मुख्य हत्यार आहे ते म्हणजे घरभाडे भत्ता. त्याकडे येतोच, पण आधी अण्णांचं उरलेलं सांगतो.

सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राज्यात भारत सरकारची पोलीस ॲक्शन झाली. त्याच्या आधीच्या वर्षात सत्याग्रहींनी तुरुंग भरून गेले होते. अण्णांच्या पहाऱ्यात गावातलीच ओळखीची पोरं होती. त्याबद्दल ते फार बोलत नसत. एवढंच म्हणायचे की कैदी वाढले पण तनखा तेवढाच राहिला. संस्थान विलीन झालं तरी हाली सिक्का लगेच गेला नाही. बाजारात दोन्ही रुपये चालत राहिले, हाली कायमचा रद्द झाला तो १९५९ मध्ये. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि अण्णांची नोकरीही त्याबरोबर आली. मग प्रश्न उभा राहिला की निजामी खात्यातला जमादार मुंबई खात्यातल्या कोणत्या हुद्द्याच्या बरोबरीचा? त्याची आधीची सेवा कशी मोजायची? ज्येष्ठता यादीत तो कुणाच्या खाली बसणार? राज्य पुनर्रचना कायद्यात, कलम ११५ मध्ये, केंद्राच्या संमतीशिवाय या माणसांच्या सेवाशर्ती बिघडवता येणार नाहीत असं बजावलेलं होतं. तरी याद्या वर्षानुवर्षं चालल्या. हैदराबादेकडून आलेल्या तहसीलदारांचा बढतीचा वाद तर सर्वोच्च न्यायालयात जाऊन १९७३ ला निकाली निघाला. तहसीलदाराला वकील करता येतो. तुरुंगातल्या जवानाला नाही. अण्णांचा हुद्दा आणि पगार जुळेपर्यंत त्यांच्या निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती. त्यांच्या सेवापुस्तकाची पहिली पानं उर्दूत आहेत, मधली इंग्रजीत आणि शेवटची मराठीत, आणि तिन्ही भाषांत पगाराचा आकडा एकाच शाईने दोनदा खोडलेला आहे.

मी सत्तरच्या दशकात खात्यात आलो. डिसेंबर १९७७ ला राज्य कर्मचाऱ्यांनी केंद्राच्या दराने महागाई भत्ता मिळावा म्हणून संप पुकारला. तो ५४ दिवस चालला. आम्ही लिपिक बाहेर होतो आणि गणवेशातले शिपाई-हवालदार आत, कारण गिनतीला कधी सुट्टी नसते. ज्या भत्त्यासाठी आम्ही घोषणा देत होतो तो त्यांनाही मिळणार होता आणि त्यासाठी त्यांना दुप्पट पाळ्या कराव्या लागत होत्या, हे मी कधी विसरलो नाही.

आता घरभाडे भत्ता. पगारबिलात मूळ वेतन, महागाई भत्ता, मग घरभाडे, मग स्थानिक पूरक, धुलाई असे रकाने असतात. वजातीच्या बाजूला भविष्य निर्वाह निधी, गटविमा, व्यवसाय कर आणि सोसायटीचा हप्ता. बदली होऊन माणूस आला की बाकीचे रकाने फारसे हलत नाहीत, हलतो तो घरभाड्याचा. पूर्वी शहरांची ए-१, ए, बी-१, बी-२, सी अशी उतरंड होती. सहाव्या वेतन आयोगापासून एक्स, वाय, झेड असे तीनच वर्ग राहिले आणि दर ३०, २० आणि १० टक्के. सातव्यात दर २४, १६ आणि ८ वर आणले, आणि महागाई भत्ता २५ टक्क्यांवर गेला की २७-१८-९, पन्नाशी ओलांडली की पुन्हा ३०-२०-१० अशी पायरी लावली. हे वर्ग ठरतात कशावर? भावांवर नाही, भाड्यांवरही नाही. ठरतात डोक्यांवर: पन्नास लाखांपेक्षा जास्त लोकवस्ती असेल तर एक्स, पाच ते पन्नास लाख असेल तर वाय, पाच लाखांच्या खाली सगळं झेड.

सहाव्या आयोगाची थकबाकी निघत होती त्या वर्षी आमच्या तालुक्यातला एक हवालदार माझ्या टेबलाशी येऊन बसला. सुभेदार म्हणून बढती आली होती, पण मुंबईला. म्हणाला, "भाऊसाहेब, बढती घ्यावी का नको, तेवढं मांडून द्या. मला आकडे कळत नाहीत."

मी कागद घेतला. वेतन आणि ग्रेड पे मिळून त्याचे साधारण १४,००० होते. बढतीची वेतनवाढ तीन टक्के, म्हणजे ४२० रुपये, वर ग्रेड पेतला थोडा फरक. नांदेड तेव्हा झेड वर्गात होतं, म्हणून घरभाडे १,४००, मुंबईत ४,२००. त्यामुळे घरभाड्यातला फरक २,८००. त्याच्या मेव्हण्याने कल्याणपलीकडे एक खोली बघून ठेवली होती, भाडं साडेतीन हजार, अनामत वेगळी. क्वार्टर मिळालं तर भाडं वाचेल, पण क्वार्टर मिळालं की घरभाडे भत्ता बंद. नांदेडला त्याची दोन मुलं शिकत होती, मोठी दहावीत. म्हणजे बायको-पोरं इकडे, हा तिकडे. दोन चुली, दोन ठिकाणी दूध, दोन ठिकाणी गॅस. वर दर दोन महिन्यांनी नंदिग्राम एक्सप्रेसचं येणं-जाणं. सगळं मांडल्यावर बढती घेऊन महिन्याला हातातले पैसे कमी होत होते.

"मग नाकारतो," तो म्हणाला.

मी त्याला दुसरी बाजूही दाखवली. बढती नाकारली की कालबद्ध पदोन्नतीचा लाभ जातो, आणि पुढे निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनावर बसतं. आज चार वर्षं तोटा सोसला तर मरेपर्यंत पेन्शन थोडी वर राहील. त्याने बराच वेळ त्या कागदाकडे पाहिलं आणि घडी घालून खिशात ठेवला. तो मुंबईला गेला. पुढे सुट्टीवरून परतताना त्याच्या ट्रंकेत ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, शेंगदाण्याची चटणी असायची. त्याच्या बराकीशेजारच्या खोलीत आमच्या भागातले चौघं होते, आणि चौघांची भाकरी लोहा-कंधारच्या ज्वारीची. पूर्वी मनमाडला मीटरगेजवरून उतरून मुंबईची गाडी धरावी लागे तेव्हाही आमची माणसं धान्याचं पोतं घेऊन तिथला जिना चढत. हे धान्य कुठल्याच निर्देशांकात येत नाही. माझ्या मते आमच्या भागातल्या शिपायाचा खरा पगार किती, हे निम्मं त्या पोत्यावर ठरतं. ज्याच्या घरी शेत नाही त्याच्यासाठी तोच पगार वेगळा असतो.

मुंबईत आणखी एक फरक आहे आणि तो भाड्यापेक्षा जड आहे. आर्थर रोड कारागृहाची मंजूर क्षमता कित्येक वर्षं ८०४ होती. तेव्हा तिथे तीन हजारांच्या आसपास बंदी असत. सुभेदाराची वेतनश्रेणी तिथे आणि छोट्या जिल्हा कारागृहात एकच. चौपट गर्दीतली गिनती जुळेपर्यंत पाळी सुटत नाही. त्या वाढीव तासांचा रकाना मी केलेल्या कोणत्याही पगारबिलात नव्हता, आणि तो असायला हवा होता असं मला ठामपणे वाटतं.

इतर देशांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला आहे. इंग्लंडमध्ये तुरुंग अधिकाऱ्याच्या पगाराचे आतलं लंडन, बाहेरचं लंडन आणि उरलेला देश असे तीन पट्टे आहेत. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने संघ सरकारच्या नोकरांना, त्यात संघीय तुरुंगातले लेफ्टनंटही आले, १९९४ पासून स्थानिक वेतनवाढ मिळते. तीही भावांवर ठरत नाही. त्या भागात इतर मालक तसल्या कामाला काय देतात त्यावर ठरते. म्हणजे गावाचे खरे भाव तिथेही कुणी विचारत नाही. निदान गावच्या बाजाराला विचारतात; आपण फक्त शिरगणतीला विचारतो.

याचा फटका कुणाला बसतो ते पाहायचं तर लोह्याच्या रस्त्यावर उभं राहावं. इथून उत्तरेला तीसेक किलोमीटरवर नांदेड, दक्षिणेला अहमदपूर ओलांडून लातूर. २०११ च्या जनगणनेत नांदेड शहर साडेपाच लाखांवर गेलं आणि केंद्राने १ एप्रिल २०१५ पासून त्याला वाय वर्गात घेतलं. त्याच दिवशी पुणे एक्समध्ये गेलं. लातूर चार लाखांच्या आत राहिलं, म्हणून झेड. मूळ वेतन ४०,००० धरलं तर तीस-वीस-दहाच्या दराने मुंबई-पुण्यात १२,०००, नांदेडला ८,००० आणि लातूरला ४,००० रुपये घरभाडे बसतं. आता लातूरला खोली शोधून बघा. लातूर पॅटर्नमुळे चहूकडच्या जिल्ह्यांतली पोरं तिथे शिकवणीला येतात, आई किंवा आजी सोबत येऊन खोली करून राहते, आणि घरमालक महिन्याऐवजी पोरामागे भाडं सांगतो. एप्रिल २०१६ मध्ये तर मिरजेहून जलदूत रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात लातूरच्या नोकरदाराने टँकरवर किती घातले, ते विचारणारा रकाना नव्हता. नांदेडला गोदावरी उशाशी आहे, लातूरला मांजरा कोरडी पडते. पण कागदावर लातूर नांदेडच्या निम्म्या भाड्याचं गाव आहे.

निवृत्त झाल्यावर घरभाड्याचा रकानाच जातो. पेन्शन मुंबईत घ्या नाहीतर लोह्यात, आकडा एकच. म्हणून आमच्या खात्यातली जुनी माणसं बहुतेक गावाकडे परतली. माझ्या गल्लीत निवृत्त सुभेदार, हवालदार, एक तुरुंगाधिकारी असे बरेच जण आहेत. मुंबईला जे पैसे पंधरा दिवस पुरत नव्हते त्यांत इथे महिना निघतो, दवाखान्यासाठी थोडं मागे पडतं. तो बढतीवर गेलेला सुभेदारही परत आला आहे. त्याने त्या चार वर्षांचा तोटा आता पेन्शनमधून भरून काढला, असं तो सांगतो. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना मात्र ती जुनी पेन्शन नाही, त्यामुळे मी तेव्हा मांडलेला हिशेब त्यांच्यासाठी तसाच्या तसा लागू पडत नाही. मार्च २०२३ चा राज्य कर्मचाऱ्यांचा संप त्याच मागणीवर होता.

पहाटे आमच्या रस्त्यावर पोरं भरतीसाठी धावतात. २०२४ च्या भरतीत कारागृह शिपायाच्या सर्वांत जास्त जागा मुंबईच्या दक्षिण विभागात होत्या, मग पुण्याच्या पश्चिम विभागात. पोरं विचारायला येतात, काका, फॉर्म कुठल्या विभागाचा भरू? मी त्यांना विचारतो, घरी शेत आहे का, आई-वडिलांना कोण बघणार, आणि त्या कारागृहाच्या वसाहतीत क्वार्टरं किती, त्यातली रिकामी किती. नांदेड आणि लातूरमधला फरकही सांगतो. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तिचे आकडे येऊन लातूरने पाच लाख ओलांडल्याचं दिसलं, आणि सरकारने वर्ग बदलला, तर तिथल्या शिपायाचं घरभाडे दहा टक्क्यांवरून वीसवर जाईल. तोवर लातूरची खोली बघायला जाताना खिशात जास्तीचे पैसे ठेवा, एवढं मी आवर्जून सांगतो.